इपॉक्सी ग्रॅनाइटच्या मशीन बेडसाठी खडी तयार करताना

इपॉक्सी ग्रॅनाइट म्हणजे खडी आणि इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव) कालवून साच्यात ओतलेला माल. मशीनचा बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग बसतात तो जड पाया, यातून ओतला तर त्यात वजनाने साधारण ९० टक्के दगडच असतो. रेझिनने दगडांमधल्या मोकळ्या जागा भरायच्या आणि दगडाला दगड धरून ठेवायचा. जागा जास्त राहिल्या की रेझिन जास्त लागते. मग खर्च वाढतो, सेट होताना बेड जास्त आकसतो, गरम झाल्यावर जास्त फुगतो आणि त्याचा ताठपणा कमी होतो. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ खडीवरच जातो, आणि तो तसाच जायला हवा असे माझे ठाम मत आहे. इथले आकडे एका छोट्या मिलिंग मशीनच्या ६०० × ४०० × १०० मिमीच्या भरीव बेडचे आहेत, म्हणजे २४ लिटरचे.

आधी दगड कुठला घ्यायचा ते बघू. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी क्रशरवर मिळते ती काळी खडी बसाल्टची असते, ग्रॅनाइटची नव्हे. घट्ट, बारीक कणांचा बसाल्ट या कामाला चालतो, ग्रॅनाइटपेक्षा थोडा जडच असतो. फक्त त्यात छिद्रे किंवा पांढऱ्या भरावाचे ठिपके नकोत, कारण छिद्रे रेझिन पितात आणि हवा धरून ठेवतात. खरी ग्रॅनाइटची खडी कर्नाटक-तेलंगणाच्या बाजूला सहज मिळते, आपल्याकडे नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात ग्रॅनाइटचा खडक आहे. खडा हातोडीने फोडून बघावा. खणखणीत वाजून ताज्या, चकचकीत कडा निघाल्या तर ठीक. बद्द आवाज येऊन पिवळट भुगा पडला तर तो कुजलेला दगड आहे, त्यातल्या फेल्स्पार या खनिजाची माती व्हायला लागलेली असते. अभ्रक जास्त चमकत असेल तरी मी तो माल घेत नाही, कारण अभ्रकाचे पदर सुटतात. ओट्याच्या फरशीचे तुकडे घरी फोडण्यात अर्थ नाही, निम्मे चपटे निघतात. ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यातला गाळ फुकट मिळतो, पण मोठ्या गँगसॉच्या (अनेक पाती एकदम चालवून दगड कापणाऱ्या करवतीच्या) गाळात लोखंडाचे कण आणि चुना असतो, तो नको. कोकणात समुद्राच्या वाळूचा मोह होतो. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, तीही नको.

सर्वांत मोठा खडा बेडच्या सर्वांत अरुंद जागेच्या एक-पंचमांशापेक्षा मोठा नसावा. माझ्या बेडमध्ये रेलखालची (मशीनचे सरकते भाग ज्यावरून धावतात त्या पट्टीखालची) सर्वांत अरुंद जागा ५० मिमी होती, म्हणून १० मिमीवर थांबलो. इन्सर्ट (बोल्ट बसवण्यासाठी मालात ओतून घेतलेले धातूचे तुकडे) आणि साच्याची भिंत यांत तीन खड्यांइतके तरी अंतर हवे. नाहीतर तिथे खडे अडकून कमान धरतात आणि खाली पोकळी राहते.

खडी मापागणिक वेगळी करायला चाळण्या लागतात: १०, ४.७५, २.३६ आणि १.१८ मिमीच्या, पुढे ६००, ३०० आणि १५० मायक्रॉनच्या. प्रमाणित चाळण्या महाग पडतात, पण जाळीवाल्याकडून ८, १६, ३०, ५० आणि १०० मेशची (मेश म्हणजे इंचातली भोके) स्टीलची जाळी आणून लाकडी चौकटीत ताणून बसवली तरी काम भागते. चाळणीत माल पातळ थरातच घ्यायचा. ढीग टाकला की बारीक कण वरच राहतात आणि सगळे प्रमाण बिघडते. ४.७५च्या वरच्या खडीतले चपटे खडेही काढावे लागतात. व्हायब्रेटर लावला की ते आडवे होतात आणि पोटाखाली हवा धरतात. भारतीय मानकात जाडी सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा कमी असेल तर खडा चपटा धरतात. १० ते ६.३ मिमीच्या खडीसाठी ही मर्यादा ४.८९ मिमी येते. मी दोन सळया ५ मिमीच्या फटीवर वेल्ड करून घेतल्या आणि संशय येईल तो खडा त्यातून घालून बघितला. फटीतून पडला की बाद. क्रशर व्हीएसआयचा (दगड वेगाने आपटून फोडणारा) असेल तर खडे ठोकळ्यासारखे निघतात आणि ही मेहनत बरीच वाचते.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. ग्रॅनाइटमध्ये किमान एक-पंचमांश क्वार्ट्झ असते आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात कायमची बसते. कोरडे चाळण उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावूनच करायचे. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे.

आता धुणे. क्रशरच्या खडीवर पिठासारखा थर असतो. तो राहिला तर रेझिन दगडाला न चिकटता त्या पिठाला चिकटते. ४.७५च्या वरची खडी घमेल्यात घेऊन पाणी निवळ येईपर्यंत चोळून धुवायची. बारीक माल बादलीत ढवळायचा, जड कण खाली बसले की वरचे गढूळ पाणी ओतून द्यायचे, असे पुन्हा पुन्हा. खात्रीसाठी मूठभर माल काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवून बघतो. अर्ध्या मिनिटात पाण्यातून पलीकडची अक्षरे वाचता आली पाहिजेत. १५० मायक्रॉनखालची पूड धुता येत नाही, वाहूनच जाते, म्हणून ती मी स्वच्छ क्वार्ट्झ किंवा डोलोमाइट पावडर म्हणून विकत घेतो. फुफ्फुसाच्या दृष्टीने डोलोमाइट बरी. वाळवल्यावर मालातून मोठे चुंबक फिरवावे, क्रशरच्या जबड्याचे लोखंडी कपचे निघतात.

वाळवण्याचा कंटाळा केला की बेड फुकट जातो. एप्रिल-मेच्या उन्हात ताडपत्रीवर पसरलेली खडी हाताला खडखडीत लागते, पण खाचांतले पाणी तसेच असते. अमाइन हार्डनरला (रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाला) पाणी भेटले की दगडालगतचा थर कमजोर राहतो. म्हणून उन्हानंतर ११० अंशांना ओव्हनमध्ये, किंवा मोठ्या लोखंडी कढईत मंद आचेवर परतत वाळवायची. ओली खडी एकदम मोठ्या आचेवर टाकू नये, खडे तडकून उडतात. झाले की नाही ते काटा सांगतो: १ किलो नमुना तासभर तापवून पुन्हा तोलायचा, घट १ ग्रॅमच्या आत असेल तर वाळली. काटा नसेल तर गरम खडी पारदर्शक पिशवीत बांधून ठेवावी. आतून थेंब धरले तर ओल आहे. कोमट असतानाच ती हवाबंद पिंपात भरायची. पावसाळ्यात हे काम काढूच नये. आणि ओतायच्या वेळी खडी खोलीच्या तापमानाला आलेली हवी, गरम खडीत रेझिन हातातच सेट होते.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: प्रमाण. खडी घट्ट बसावी म्हणून प्रत्येक मापाखाली किती माल हवा ते सांगणाऱ्या फुलरच्या सूत्राने, म्हणजे मापाला सर्वांत मोठ्या मापाने भागून त्याचे वर्गमूळ काढले, तर १० मिमीसाठी ४.७५खाली ६९ टक्के, १.१८खाली ३४ टक्के आणि १५० मायक्रॉनखाली १२ टक्के माल येतो. काँक्रीटला हे ठीक आहे. इथे १२ टक्के पूड घातली तर तिच्या प्रचंड पृष्ठभागाला ओले करण्यातच रेझिन संपते आणि माल कोरडा, चुरचुरीत राहतो. मी पूड ६ टक्क्यांवर आणली. शेवटी वजनाने असे ठरले: १० ते ४.७५चे ३६ टक्के, ४.७५ ते २.३६चे २०, २.३६ ते १.१८चे १४, १.१८ मिमी ते ६०० मायक्रॉनचे १०, ६०० ते ३०० मायक्रॉनचे ८, ३०० ते १५०चे ६ आणि पूड ६.

हे आकडे डोळे झाकून उचलू नका, तुमच्या खडीचा आकार वेगळा असेल. मोजमापाचा स्टीलचा डबा घ्या, तीन थरांत भरा, प्रत्येक थराला बाजूने टिचक्या मारून बसवा, वर पट्टी फिरवून तोला. नुसती ४.७५च्या वरची खडी लिटरला साधारण १.५५ किलो भरते. ग्रॅनाइटची घनता लिटरला २.६५ किलो धरली तर ४१ टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. वरच्या मिश्रणाने लिटरला २.०५ किलो भरले, रिकामी जागा साडेबावीस टक्क्यांच्या आसपास. प्रमाण शोधताना आधी दोन सर्वांत मोठी मापे घेऊन डब्याचे वजन कुठे सर्वाधिक येते ते बघावे, मग तिसरे माप थोडे थोडे वाढवत जावे. वजन वाढायचे थांबले की तिथेच थांबावे. १.१८च्या खाली गोलसर कणांची, पाणी गाळायच्या फिल्टरची वाळू वापरली तर माल साच्यात जास्त सहज सरकतो.

२४ लिटरला यातून ४९ किलो खडी आणि हार्डनर धरून ६ किलो इपॉक्सी आली, म्हणजे वजनाने सुमारे ११ टक्के. वाया जाणारे धरून खडी ५६ किलो तयार ठेवली. सगळी मापे एकत्र मिसळून पिंपात ठेवायची नाहीत. उचलता-ठेवताना बारीक कण तळाशी जातात. प्रत्येक माप वेगळे ठेवून घाण्यागणिक तोलायचे. मिसळताना रेझिनमध्ये आधी मोठी खडी, मग वाळू, शेवटी पूड. पूड आधी गेली तर रेझिन घट्ट होते आणि मोठे खडे नीट भिजत नाहीत.

बेड ओतण्याआधी ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात नमुना ओततो आणि रेझिन पूर्ण घट्ट (क्युअर) झाल्यावर हातोडीने फोडतो. चीर दगडांच्या आरपार गेली तर पकड चांगली. खडे सबंध सुटून मागे गुळगुळीत, चकाकणारे खळगे राहिले तर धूळ किंवा ओल राहिलेली आहे, खडी परत धुवून वाळवायची. वर रेझिनचा थर जमला असेल तर पूड २ टक्के वाढवायची. तळाशी खडे उघडे पडले असतील तर पूड तेवढीच कमी करून दुसरा नमुना ओतायचा.