साखळीची चावी

पहाटे साडेपाचला आमच्या फाटकासमोर पहिली गाडी लागते. बहुतेक वेळा पांढरी स्विफ्ट. मालक उतरतो, कानटोपी सारखी करतो आणि मी सडा टाकताना दिसले की म्हणतो, "काकू, आलोच पाच मिनिटांत." अजिंक्यतारा चढून पाच मिनिटांत परत येणारा माणूस मला अजून बघायचाय. औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत झगडावं लागलं होतं, तेव्हा स्विफ्टवाल्याला दीड तास लागला तर मी बोलणारी कोण?

गंमत अशी, की किल्ल्यावर गाडीरस्ता आहेच. पण ज्यांना व्यायाम करायचा असतो त्यांना गाडी वर न्यायची नसते. म्हणून ते ती आमच्या बोळात आणतात, कारण पायवाट इथून सुरू होते. चालायला यायचं, तेही गाडीतून! एका रविवारी मी १८ गाड्या मोजल्या. गॅसवाल्याचा टेम्पो आत वळेना, त्यानं सिलिंडर खांद्यावर वाहिले आणि बोलणी मला बसली. मग शेजारच्या आजींना डायलिसिसला न्यायच्या दिवशी रिक्षा आत येईना. त्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. त्याच संध्याकाळी १४ घरांनी तीनतीनशे रुपये काढले आणि बोळाच्या तोंडाशी दोन खांब नि साखळी लागली. मी सगळ्यांत लवकर उठते, म्हणून चावी माझ्याकडे.

गाड्या थांबल्या हे खरं. पण दूधवाला, पेपरवाला, ज्याला त्याला चावी हवी. आणि भरतीची पोरं! सैन्यात नाहीतर पोलिसात जायचं म्हणून खेड्यांतून येतात, खाली कुठंतरी मोटारसायकल लावतात आणि चढाला पळत सुटतात. त्यांचा गाड्यांच्या गर्दीशी काही संबंध नाही. अंधारात एकाला साखळी दिसली नाही, गुडघा फुटला. मी हळद घेऊन गेले तर तोच म्हणाला, "चुकलं काकू, बघितलं नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच कुणीतरी खांबाला पाटी अडकवली: 'खाजगी रस्ता, प्रवेश बंद'. रस्ता नगरपालिकेचा. माझी सासू किल्ल्यावरच्या मंगळाई देवीची ओटी घेऊन याच वाटेनं जायची, तेव्हा आमचं घरसुद्धा कौलारू होतं आणि फाटक नव्हतंच. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू नये हा नियम आहे, तो मी कुणालाही ऐकवीन. पण माणसाला वाट बंद करायचा हक्क १४ घरांना कुणी दिला? पाटी मी काढली. आता ती आमच्या मोरीत बादलीवर झाकण म्हणून आहे. ह्यांनी कपाळाला हात लावला, कारण पाटी लावणारा ह्यांचाच मित्र निघाला.

कास पठारावर फुलांच्या हंगामात गाड्या लांब थांबवून लोकांना बसनं नेतात. आम्हाला बसचीही गरज नाही. खाली शाळेचं मैदान आहे, सकाळी आठपर्यंत रिकामं. तिथून आमचा बोळ चालत सात मिनिटं, माझ्या गुडघ्यांनी दहा. मुख्याध्यापकांना भेटले, ते एका चहात तयार झाले. साखळीही आता एका बाजूनं मोकळी सोडलीय. तेवढ्यातून माणूस जातो, सायकल जाते, मोटार नाही. रिक्षा नाहीतर टेम्पो आला की मी कुलूप काढते.

काल स्विफ्टवाले कोपऱ्यावर काच खाली करून विचारत होते, "तिथं गाडीवर लक्ष कोण ठेवणार, काकू?"

म्हटलं, "पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे."