आठ स्कार्फ, आठ वॉगल: दीक्षाविधीपर्यंतची नोंद

आधी कामाचा हिशेब. स्कार्फ आठही पूर्ण झाले. वॉगल (स्कार्फ गळ्याशी धरून ठेवणारं कडं) अकरा विणले, त्यातले आठ मुलांच्या हाती देण्याजोगे निघाले. घरच्या अण्णांचा स्काउटचा जुना खाकी शर्ट स्वच्छ झाला, चौकट व्हायची आहे. ७ नोव्हेंबरचा दीक्षाविधी (नवी मुलं स्काउटचं वचन घेतात तो) झाला.

ज्यांनी आधीची नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलैत आमच्या स्काउट पथकात आठ नवी मुलं आली. प्रवेशाचा अभ्यास निदान तीन महिन्यांचा. तो संपून मूल वचन घेतं, तेव्हाच त्याच्या गळ्यात स्कार्फ पडायला हवा असं माझं ठाम मत आहे. हल्ली होतं काय, की गणवेशाचा तयार संच मिळतो, त्यात स्कार्फ, वॉगल, बॅज सगळं असतं आणि मूल पहिल्याच शनिवारी नखशिखान्त स्काउट होऊन येतं. मग दीक्षेच्या दिवशी त्याला द्यायचं काय? म्हणून पालकांना सांगितलं, शर्ट-पॅंट-बूट तुम्ही घ्या, बाकीचं आमच्याकडे राहू द्या. आणि स्कार्फ-वॉगल मी घरी करायला घेतले.

जुलैअखेर, कापड

एपीआरओच्या (आपल्या संस्थेच्या नियमावलीच्या) दुसऱ्या भागात माप दिलेलं आहे: त्रिकोणी, दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटर, रंग पथकाचा, मात्र हिरवा, जांभळा आणि पिवळा वर्ज्य. आमचा रंग मरून. बाजू ७५ धरली. चौरस कर्णावर कापला की दोन स्कार्फ निघतात, म्हणजे आठ जणांना चार चौरस. दुमडीसाठी चौरस ७८ चा घेतला. ९१ सेंटीमीटर पन्ह्याचं सुती पॉपलीन साडेतीन मीटर आणलं, आटण्याची सोय धरून.

कापड आधी भिजवा, हे पुन्हा पुन्हा सांगेन. दुकानात 'रंग पक्का आहे' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. बादलीतलं पाणी बीट उकडल्यासारखं झालं. पाच पाणी बदलली तेव्हा कुठे नितळ आलं. स्टील ग्रे शर्टाच्या कॉलरवर पहिल्याच पावसात काय झालं असतं, याचा विचार करा.

ऑगस्ट, उरेब

पहिले दोन स्कार्फ मी शिवले आणि दोन्हींची लांब बाजू झालरीसारखी लाटा मारायला लागली. दोन आखूड बाजू सरळ, सपाट, आणि कर्णाची बाजू मात्र वेडीवाकडी. मला वाटलं मशीनचा ताण चुकला. आईनं कापड हातात घेतलं, दोन बोटांत धरून थोडं ओढलं आणि म्हणाली, "अरे, ही बाजू उरेब आहे. ताण्याबाण्याच्या तिरकी. ती ओढली की वाढते. तू मशीनखालून ओढत होतास ना?"

ओढतच होतो. तिनं सांगितलेली रीत अशी: कापल्यावर तुकडे एक रात्र दोरीवर टांगून ठेवायचे, म्हणजे उरेब बाजू जेवढी सुटायची तेवढी सुटते. सकाळी पट्टी लावून ती पुन्हा सरळ कापायची. कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर एक साधी टीप मारायची, ती कड धरून ठेवते. मग दुमडून इस्त्री, आणि शिवताना कापडाला हात फक्त दिशा देण्यापुरता, पुढे नेण्याचं काम मशीनच्या दातांचं. त्यानंतरचे सहाही सपाट आले. पहिले दोन उसवून, कड कापून पुन्हा शिवले. ते ७२ चे झाले, नियमात बसतात.

संघनायकांकडून (पथकातल्या लहान गटांच्या, म्हणजे संघांच्या, नायकांकडून) चाचणीही घेतली. स्कार्फ हा प्रथमोपचाराचा त्रिकोण असतो, नुसती शोभा नव्हे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाताची झोळी ७५ च्या स्कार्फमध्ये व्यवस्थित बसते. ७२ च्यात बसते, पण मानेमागची गाठ तोकडी पडते. सहाव्या इयत्तेच्या वरच्यांसाठी ८० घ्या.

सप्टेंबरचा पहिला आठवडा, एक शर्ट

नव्या मुलांपैकी एकाचा भाऊ आमच्याकडेच आहे, आता पथकनायक, म्हणजे सगळ्या संघांचा मिळून नायक. त्याचा आखूड झालेला शर्ट धाकट्याला आला. शर्ट उत्तम होता, पण डाव्या बाहीवर थोरल्याचा द्वितीय सोपानचा (प्रवेशानंतरच्या दुसऱ्या पायरीचा) बॅज होता, डाव्या खिशावर सदस्यत्वाचा बॅज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संघनायकाच्या दोन उभ्या पट्ट्या. धाकटा तसाच घालून आला. त्याच्या आईनं विचारलं, "सर, काढायलाच पाहिजे का? किती छान दिसतोय."

काढायला पाहिजेच. गणवेशावरची प्रत्येक गोष्ट एक विधान असते. डाव्या बाहीवरचा बॅज सांगतो की या मुलानं अमुक इतकं करून दाखवलंय. उजव्या बाहीवरचे प्रावीण्य बॅज सांगतात की त्याला काय येतं. शिबिरात दुखापत झाली तर लोक ती बाही बघून प्रथमोपचाराला कुणाला हाक मारायची ते ठरवतात. धाकट्याला हे मी समजावण्याआधीच कळलं होतं असं मला वाटतं, कारण तो बाहीवर हात ठेवूनच उभा होता.

थोरल्यानं स्वतः उसवलं. ब्लेड न वापरता, शिवणाच्या बारीक कात्रीनं एक एक टाका. बॅज निघाल्यावर खाली मूळ रंगाचा गडद करडा तुकडा दिसला. भोवतीचा शर्ट दोन वर्षांच्या उन्हानं फिका पडलेला. कडेनं सुईची भोकं. धाकट्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "धुतल्यावर जाईल?" थोरला म्हणाला, "नाही जात."

त्याच आठवड्यात, अण्णांची ट्रंक

हा प्रसंग पाहिला म्हणूनच अण्णांचा खाकी शर्ट मला वाचता आला. वर्षानुवर्षं तो ट्रंकेत पडून होता, बॅज कधीच निघून गेलेले. उन्हात धरला तर खिशावर, बाह्यांवर गडद खाकीचे ठसे स्पष्ट दिसतात, टाक्यांच्या रांगांसकट. डाव्या खिशावर दोन उभे ठसे. म्हणजे अण्णा संघनायक होते! त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ट्रंकेच्या तळाशी पितळी बॅज सापडला. जुन्या बॅजचं साल ठरवताना आपल्याकडे एक सोपी खूण आहे, नवीन संग्राहकांनी लक्षात ठेवावी. कमळासारखी तीन पाकळ्यांची स्काउटची खूण, तिच्यावर गाइडचं त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र, असं तिन्ही एकत्र असेल तर तो भारत स्काउट्स आणि गाइड्सचा. ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउट संघटनांच्या एकत्रीकरणातून झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाइड्स तिच्यात आल्या. चक्र आणि त्रिदल नसेल तर बॅज त्याआधीच्या एखाद्या संघटनेचा असण्याची शक्यता जास्त. अण्णांच्या बॅजवर चक्र आहे, आरे मोजता येतात. चिंच-मीठ लावून चकचकीत करायचा मोह झाला होता, आवरला. मऊ ब्रश आणि कोमट पाणी, बस्स. घासलं की आरे आधी झिजतात.

शर्टावर नवे बॅज लावणार नाही. ठसे दिसतील असाच तो चौकटीत जाईल.

सप्टेंबर-ऑक्टोबर, वॉगल

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त आनंदही. टर्क्स हेड गाठीचा (विणलेल्या कड्यासारखी गोल गाठ) चामडी वॉगल आपल्याला सगळ्यांनाच आवडतो. तो इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क या स्काउट प्रशिक्षण केंद्रातल्या बिल शॅंकली यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला केला, शिवणयंत्राच्या चामडी पट्ट्यापासून. पण तो वुड बॅजच्या, म्हणजे स्काउटमास्तरांच्या प्रशिक्षणाची खूण आहे आणि पथकाचा वॉगल गिलवेलचा नसावा असं नियम सांगतो. माझ्या हाताला तीन पदरी, पाच वळणांची तीच गाठ बसलेली (पदर म्हणजे शेजारी शेजारी जाणाऱ्या दोऱ्या, वळणं म्हणजे कडेला दोरी वळते ते वेढे). दोरी बदलून तीच दिली असती तर चाललं असतं असं काही जण म्हणाले. मला ते पटलं नाही. दुरून सारखं दिसणारं देऊन मुलांना फरक कसा शिकवणार?

म्हणून चार पदरी, पाच वळणांची निवडली, पांढऱ्या-मरून ३ मिलिमीटर सुती दोरीत. एकाच दोरीत टर्क्स हेड जमायचं असेल तर पदर आणि वळणं या दोन आकड्यांना १ सोडून सामाईक विभाजक चालत नाही. ४ आणि ५ जमतात, ३ आणि ५ जमतात, ४ आणि ६ घेतलेत तर दोरी मध्येच आपल्या सुरुवातीला येऊन मिळते आणि उरलेली वळणं रिकामी राहतात. प्लंबरकडून मिळालेल्या २५ मिलिमीटर पाइपाच्या तुकड्यावर विणलं. दुहेरी फेरीला दोरी दीड मीटर पुरते.

तीन का वाया गेले? तिन्हींत एकच चूक. पहिल्या फेरीत एका ठिकाणी 'वरून-खालून' ऐवजी 'वरून-वरून' गेलं. पहिल्या फेरीत ते डोळ्याला दिसत नाही, दुसरी फेरी त्याच वाटेनं गेली की तिथे उंचवटा येतो आणि ओढून घट्ट करताना गाठ एका बाजूला कलते. आता पहिली फेरी संपली की पाइप फिरवत प्रत्येक फुलीवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणतो, वर, खाली, वर, खाली. घरातले हसतात, पण तेव्हापासून एकही वाया गेला नाही.

ऑक्टोबर, एक प्रश्न

विश्व स्काउट बॅज समजावत होतो. जांभळ्यावर पांढरी खूण, तीन पाकळ्या वचनाचे तीन भाग, भोवती बंधुभावाची दोरी, तळाशी रीफ नॉट (चपटी गाठ). एका मुलीनं (गाइडचा वर्ग शेजारीच भरतो) विचारलं, "सर, तारे दोन, टोकं दहा. ती स्काउट नियमांची ना? मग आपले नियम नऊच का?" फार चांगला प्रश्न. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली लिहिले तेव्हा नियम नऊच होते, दहावा पुढे काही वर्षांनी जोडला गेला. आपल्या संस्थेच्या नियमावलीत आपल्या शब्दांतले नऊ आहेत. बॅज जगाचा आहे, म्हणून टोकं दहा. हा प्रश्न मला मुलं घडीव उत्तरं पाठ करत नाहीयेत याची पावती वाटली.

नोव्हेंबर

झेंड्याच्या सरावाला दोन शनिवार गेले. घडी घातलेला झेंडा वर जाऊन एका झटक्यात उलगडला पाहिजे. पहिल्या दिवशी वर गेला आणि तसाच पोटलीसारखा राहिला, कारण शेवटचा वेढा फार खोल खोचला होता. खोचलेलं टोक दोन बोटांच्या पेराएवढंच ठेवा.

दीक्षाविधी नालाकार रचनेत. आमच्या पथकाची रीत अशी की संघनायक नव्या मुलाला पुढे आणतो, वचन झालं की सदस्यत्वाचा बॅज मी लावतो, विश्व बॅज माझे सहायक, डाव्या खांद्यावर संघाच्या रंगाच्या पट्ट्या संघनायक आणि स्कार्फ पथकनायक. मग डाव्या हातानं हस्तांदोलन, मागे वळून पथकाला पहिली सॅल्यूट. बॅज त्या दिवशी सेफ्टी पिनेनं लागतात. टाके मुलानं घरी स्वतः घालायचे.

धाकटा सहाव्या क्रमांकावर होता. वचन त्यानं न अडखळता म्हटलं. स्कार्फ घालायला थोरला पुढे आला. त्यानं लांब बाजूनं गुंडाळी नीट दाबून घेतली, कॉलरखालून फिरवली, वॉगल वर सरकवला आणि दोन्ही टोकं सारखी आहेत का ते बघायला एक पाऊल मागे गेला. सारखी नव्हती. पुन्हा पुढे येऊन त्यानं ती सारखी केली. सगळं पथक तीन बोटं वर करून थांबलं होतं, कुणीही घाई केली नाही.

पुढच्या शनिवारी आठही मुलं बॅज शिवून आली. धाकट्यानं विश्व बॅजला काळा दोरा वापरला होता, टाके तांदळाएवढे मोठे. पण बॅज उजव्या खिशाच्या बरोबर मधोमध होता आणि रीफ नॉट खाली.

चौकटीचं काम जानेवारीत.