गड बारा वाजता बंद

१२ जून २०२४, बुधवार. पारा चाळिशीपार जाणार म्हणून अथेन्सचं अॅक्रोपोलिस, म्हणजे जुन्या देवळांचा डोंगरी गड, दुपारी १२ ते ५ बंद ठेवणार, असा निरोप आदल्या संध्याकाळी गाईडकडून आला. आमच्या ३४ जणांची तिकिटं सकाळी १० च्या स्लॉटची. आदल्या वर्षी सप्टेंबरपासून तिथे तासातासाचे स्लॉट सुरू झाले होते. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आणि स्लॉटच्या १५ मिनिटं आधी ते १५ मिनिटं नंतर एवढीच सवलत. म्हणजे पावणेदहाला दारात असलो तर सव्वादोन तास मिळणार. ग्रुपमध्ये सत्तरीपुढचे अकरा जण होते.

असा दिवस आला की पहिला प्रश्न दरवाजाचा. पश्चिमेचं मुख्य दार माथ्याजवळ आहे, पण गर्दी तिथेच. आग्नेयेचं दार खालच्या अॅक्रोपोलिस म्युझियमसमोर. तिथे रांग लहान असते, पण डायोनिससच्या थिएटरवरून लांबचा चढ पडतो. एरवी आम्ही टूर मॅनेजर आग्नेयेचं दार पसंत करतो. त्या दिवशी पश्चिमेनं चढून आग्नेयेला उतरायचं ठरवलं. चढ कमी होतो आणि उतरलं की समोर म्युझियमचा एसी. व्हीलचेअरवाल्यांसाठी उत्तर बाजूला लिफ्ट आहे, २०२० साली बसवलेली. पण तिच्यासाठी आधी कळवावं लागतं. ‘काकांचा गुडघा आज दुखतोय’ हे गेटवर सांगून उपयोग नसतो.

नाश्त्याच्या वेळी बूट तपासले. हे हसण्यावारी नेतात, पण फसतं ते इथेच. ‘फॉरेन टूरसाठी’ म्हणून जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज चार-पाच पावसाळे कपाटात पडून असतात. तळव्याचं पॉलियुरेथेन दमट हवेत आतून कुजतं. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चालायला लागलं की तळवा वडीसारखा तुटतो. अंगठ्यानं तळव्याच्या कडेला दाबायचं, भुगा निघाला तर बूट बाद. दोन जोड तिथेच बाद केले. एक काकू म्हणाल्या, ‘माझे ब्रँडेड आहेत.’ त्यांचा उजवा तळवा पायऱ्यांवर निघाला. अशा वेळी चिकटपट्टी गुंडाळायची नाही. वाट चुनखडी खडकाची आणि संगमरवराची, लाखो पायांनी आरशासारखी गुळगुळीत झालेली. टेप त्यावर साबणासारखी सरकते. क्रेप बँडेज बुटासकट घोट्यापर्यंत आवळून बांधलं. ते खरखरीत असतं, पकड धरतं.

हा डोंगर १५६ मीटर उंचीचा, माथा जेमतेम ३ हेक्टर. आपल्या माणसाला तो किल्ला म्हणूनच कळतो, आणि तसाच दाखवावा. चढताना उजव्या हाताला जो बुरूज पुढे आलाय, ज्यावर अथेना नायकी या देवीचं छोटं देऊळ आहे, त्याच्या पोटात त्याहून कितीतरी जुना मायसीनी (कांस्ययुगीन) काळातला बुरूज आहे. ढाल डाव्या हातात, म्हणून चढणाऱ्याची उजवी कूस उघडी; मारा बरोबर तिथे. रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्यांना दोन वाक्यांत समजतं. ‘गडावर पाणी कुठाय?’ हाही प्रश्न हमखास येतो. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात उत्तरेच्या कपारीतून खोल विहिरीपर्यंत जिना उतरवला होता, आणि वायव्य उतारावर क्लेप्सिड्रा नावाचा झरा आहे.

आजचं पाणी मात्र पाठीवर न्यायचं. माणशी दीड लिटर दिलं होतं. सव्वाअकराला माथ्यावरच्या पार्थेनॉन या मोठ्या देवळासमोर बाटल्या पाहिल्या तर निम्म्याहून जास्त तशाच भरलेल्या. कारण उन्हात नाही, बाथरूममध्ये आहे. बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले काका ‘मध्येच लागली तर?’ म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यामुळे टॉयलेट कुठे आहे हे पाण्याच्या आधी सांगावं लागतं: एक गेटपाशी, एक माथ्यावर पूर्वेला जुन्या म्युझियमच्या इमारतीजवळ, तिथेच नळही. हे सांगून होताच बाटल्यांची झाकणं उघडली.

एका काकांना तेवढ्यात गरगरलं. चेहरा पांढरा, हात गार, घाम भरपूर, बोलणं शुद्ध. घाम येतोय आणि माणूस नीट बोलतोय, तर सावली आणि पाणी. बरळायला लागला किंवा अंग भाजतंय, तर थेट पहारेकऱ्याला हाक. माथ्यावर सावली जवळजवळ नाही, म्हणून चार पावलं इमारतीच्या आडोशाला नेऊन आडवं केलं, पाय बॅगवर, बूट-मोजे काढले, मानेला आणि काखेत ओला पंचा. बायकोनं ओआरएसचं अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायला घेतलं होतं. २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. अर्ध्यात टाकलं तर मीठ दुप्पट होतं आणि उलटी होते. मोजून अर्धं टाकलं, घोट घोट दिलं. वीस मिनिटांत उठून बसले.

तोवर बाकीच्यांनी पार्थेनॉनला प्रदक्षिणा घातली. त्यांचं प्रश्न विचारणं सुरूच: ‘हे बांधकाम कधी संपणार?’ क्रेन आणि परांची पाहून सगळेच विचारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत दगड लोखंडी कड्यांनी जोडले. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसं ओतत, इथे ते नीट केलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं, आणि सांधण्याऐवजी दगडच फोडू लागलं. म्हणून १९७५ पासून समिती नेमून एकेक तुकडा उतरवून टायटॅनियमच्या कड्या घालतात. भर घातलेला नवा संगमरवर पांढरा दिसतो, जुना मधाच्या रंगाचा. मधला भाग मोकळा का, याचं उत्तर वेगळं. तुर्कांनी देवळात दारूकोठार केलं होतं, आणि २६ सप्टेंबर १६८७ ला व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. इकडे तेव्हा संभाजीराजे लढत होते, असं म्हटलं की तारीख लक्षात राहते.

एकानं ग्रुपचा बॅनर उलगडला आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. दगडाला टेकलं तरी वाजते.

साडेअकराला डोकी मोजली, दक्षिण उतारानं खाली निघालो. उतारावर पाय आडवे टाकायचे, सेल्फी उभं राहूनच. ११:५० ला आग्नेयेच्या दारातून ३४ बाहेर. म्युझियममध्ये शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं काचेच्या जमिनीखालचं उत्खनन कुणीच पाहिलं नाही, सगळे बाकांवर.

संध्याकाळी सहा-सात जणांना परत वर जायचं होतं. तिकीट एकदाच चालतं, म्हणून त्यांना समोरच्या अॅरिओपॅगस खडकावर नेलं; तिथे पैसे लागत नाहीत. दगडात खोदलेल्या पायऱ्या घसरड्या आहेत, शेजारचा लोखंडी जिनाच धरायचा. नंतर पायथ्याच्या प्लाका या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून जाताना वर मान करून उत्तरेचा तट दाखवला. तटात गोल दगड ओळीनं बसवलेत. ते खांबांचे तुकडे आहेत. ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये इराण्यांनी जाळलेल्या अर्धवट देवळाचे. बँडेजवाल्या काकू तेवढ्यात शेजारच्या दुकानात चपला घालून पाहत होत्या.