टेनर सॅक्स रियाज, आठवडा सहावा: 'सेंट थॉमस' अजून अर्धंच

गेल्या खेपेला 'धून बसली, आता सोलो' असं लिहून मोकळा झालो होतो. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तेव्हा कळलं की बसलीबिसली काही नाही. स्वर बरोबर, पण प्रत्येक स्वर शेवटपर्यंत ताणलेला. मूळ वाजवणारा, अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स, तो तोडतो आणि सोडून देतो. पुन्हा पहिल्यापासून, साठ टक्के वेगाने.

नव्याने आलेल्यांसाठी: मी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम कानाने उतरवतोय. पाच रचना ('सेंट थॉमस' त्यांतलीच एक), 22 जून 1956 रोजी एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झालेल्या. जागा न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. रोलिन्स तेव्हा 25 वर्षांचा. चारच दिवसांनी त्याचा आणि रोचचा सहकारी, ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन, मोटार अपघातात गेला. तारखा शेजारी ठेवल्यापासून मला ही मजेदार धून पूर्वीसारखी ऐकता येत नाही.

धून मूळची कॅरिबियन, आईकडून ऐकलेली. रोलिन्सचे आईवडील व्हर्जिन आयलंड्सकडचे. रेकॉर्डवर ती सी मध्ये आहे, म्हणजे टेनरवर आपल्याला डी (टेनरवर लिहिलेला डी प्रत्यक्षात सी ऐकू येतो). पावसाळ्याने माझ्या जी शार्पचं पॅड (स्वराचं भोक झाकणारी गादी) चिकटवून ठेवलंय. पातळ कागद घालून टिपून घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डी मध्ये त्या स्वराची गरज कमी, म्हणून निभावलं.

सोलोच्या सुरुवातीला तो जवळजवळ दोनच स्वर घेऊन बसतो. कधी पुढे, कधी मागे, कधी मध्ये नुसती जागा. स्वर मी दहा मिनिटांत उतरवले. त्या रिकाम्या जागांना चार संध्याकाळी गेल्या, कारण हात स्वस्थ बसत नाही, काहीतरी भरायला जातो.

मोजणीसाठी मी जुनी सवय वापरली: सोळा मात्रांचा तीनताल. रचना 16 बारची, चार मात्रांचा बार, म्हणजे एका फेरीत तीनतालाची चार आवर्तनं. बसमध्ये मांडीवर टाळी-खाली देत मोजतो. बस पवईवरून जाते. 1960च्या दशकाच्या शेवटी रोलिन्स भारतात आला, तेव्हा इथल्याच आश्रमात राहिला होता. त्याचा माझ्या बोटांवर काही परिणाम झालेला नाही.

ड्रम सोलोपर्यंत हिशेब चोख जमला. नंतर रोच कॅलिप्सोचा (कॅरिबियन नाचाचा) ठेका सोडून सरळ स्विंगवर, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीवर, येतो, आणि माझी टाळी आडवी आली. ती बारच्या पहिल्या मात्रेवर, त्याची हाय-हॅट (पायाने वाजवायची झांज) दुसऱ्या-चौथ्यावर. सम पकडायला गेलो की वाक्य जड होतं. आता टाळी बंद, मेट्रोनोम फक्त दोन आणि चारवर. पहिल्या दिवशी आठ बारसुद्धा टिकलो नाही. काल एक पूर्ण फेरी निघाली, सत्तर टक्के वेगाने, तेराव्या बारात एकदा धडपडून.

अल्बममधल्या 'ब्लू सेव्हन'ला अजून हात लावलेला नाही. अकरा मिनिटं आहेत ती. नुसता सुरुवातीचा बास गुणगुणतोय.

पुढच्या आठवड्यात अडीच नंबरची रीड (तोंडाशी कंप पावणारी वेताची पट्टी) बदलून त्याहून कडक, तीन नंबरची लावून बघणार. कोणी टेनरवर हा बदल केला असेल तर ओठांची वाट किती दिवस लागली, ते सांगा.