‘आत्सुऊ’ सापडलं एकदाचं!

मागच्या वेळी रडत होते ना, ‘तोक्यो मोनोगातारी’ (टोकियो स्टोरी) या जपानी सिनेमातल्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर अडलेय म्हणून? बायको गेल्यावर पहाटे बाहेर उभा राहून तो सुनेला म्हणतो, आजही उकडणार. इंग्रजी सबवरून, म्हणजे सबटायटलवरून, अर्थ कधीच कळला होता. पण कानाला यायचं ‘आत्सुऊ नारु’, आणि जपानी शिकताना आपण घोकलेलं ‘आत्सुकु नारु’ (उकडणार). ‘कु’ गेला कुठे?

आधी संशय कानावर. जपानी सब लावावं म्हटलं, तर सिंकची बोंब. सुरुवातीला किंचित फरक, शेवटाला साडेपाच मिनिटं. आणि आपलं वाक्य नेमकं शेवटाकडे! व्हीएलसी प्लेअरमध्ये जी-एच की दाबून बोटं दुखली. ५०-५० मिलिसेकंदांनी सब सरकतं, पण इथे सरकवून भागणार नव्हतं, ताणायला हवं होतं. सब सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीचं, माझी प्रत २३.९७६ ची. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलला, झालं. तेही फुकट. ज्या अ‍ॅपला मी वर्षाचे पैसे भरून बसलेय, त्यात एवढी साधी सोय नाही. पुन्हा भरणार नाही.

सब जुळलं, तर तिथेही ‘आत्सुऊ’च! माझे कान शाबूत. म्हातारा ओनोमिचीचा, म्हणजे हिरोशिमाकडचा. पश्चिम जपानात असा ‘कु’चा ‘उ’ होतो. पुढची गंमत ऐका. ‘आरिगातो’ (धन्यवाद) मूळचं ‘आरिगाताकु’, ‘ओहायो’च्या (सुप्रभात) पोटात ‘हायाकु’. म्हणजे पहिल्या धड्यापासून आपण हेच बोलतोय! इथल्या, इंदूरच्या, सराफ्यातून खाऊन परतल्यावर रात्री एक वाजता हे उमगलं. घरात सांगणार कोणाला?

म्हातारा आता आपलाच वाटायला लागलाय. माझं इंदुरी ‘येऊन राहिले’ ऐकलं की पुण्याची मावसबहीण फिस्सकन हसते, तिला दाखवायला हवा.

शब्द घोकायच्या ‘अंकी’ अ‍ॅपमध्ये या आठवड्यात जेमतेम सतरा कार्डं. असू दे.

पुढचा सिनेमा बिनसबचा बघायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: इंग्रजी सब नकार आधीच फोडून टाकतं, जपानीत तो शेवटी येतो, ‘इकानाई’ म्हणजे ‘जात नाही’, अगदी आपल्या मराठीसारखा. मग मराठी सबच का करू नये? शेवटची दहा मिनिटं घेते. सून पुणेरी बोलेल, म्हातारा इंदुरी.

पहिली ओळ तयारही झाली: ‘आजपण गर्मी होणार बघ.’