पायऱ्यांवरचं नसलेलं पान

आज टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं ‘किरिथ उंगोलच्या पायऱ्या’ हे प्रकरण पुन्हा काढलं. अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो सोबती सॅमला ‘घरी जा’ म्हणतो ते पान हवं होतं. चौथा भाग, आठवं प्रकरण. मग नववं. मग परत आठवं. ते पान नाहीच. कधी नव्हतंच.

म्हणजे इतकी वर्षं पुस्तकातलं म्हणून जपलं ते पीटर जॅक्सनच्या २००३च्या चित्रपटातलं. वाटाड्या गॉलमने सॅमच्या झग्यावर टाकलेला लेंबासचा, म्हणजे एल्फांच्या प्रवासी पोळीचा चुरा, उरलेलं लेंबास दरीत, फ्रोडोचा संशय, सगळं तिकडचं. पुस्तकात दोघं शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या बोगद्यात बरोबरच शिरतात. आणि पुस्तकाची बाजू घेऊन तावातावाने भांडणार कोण, तर मी. आता कुठल्या तोंडाने?

जॅक्सनची अडचण कळते. टोल्किनने चौथा भाग अख्खा या दोघांना दिला आणि त्यावरच, शेलॉबपाशी, दुसरा खंड संपवला. पडद्यावर शेलॉब गेली तिसऱ्या चित्रपटात, मिनास तिरिथ शहराच्या वेढ्याच्या जोडीला. तिकडे घनघोर लढाई, मग इकडे नुसत्या पायऱ्या चढून कसं चालेल? शिवाय बोगद्यात फ्रोडो एकटा हवा. ठीक. पण दरीत पडलेलं लेंबास बघून सॅम मागे फिरतो, ते का? आपण खाल्लं नाही हे त्याला आधी माहीत नव्हतं?

असो. खरी टोचणी वेगळीच. त्या नसलेल्या पानाच्या जागी जे आहे, ते साफ विसरलं होतं.

दोघं झोपलेत. त्यांना शेलॉबच्या तोंडी द्यायचा बेत करून गॉलम परत येतो, बघत राहतो. डोळ्यांतली चमक विझते. खिंडीकडे मान वळवतो, पुन्हा यांच्याकडे. मग थरथरता हात फ्रोडोच्या गुडघ्यावर, जवळजवळ कुरवाळल्यासारखा. त्या क्षणी तो नुसता एक थकलेला म्हातारा हॉबिट, या दोघांच्याच जातीचा. फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम जागा होतो आणि खेकसतो: कुठे गेला होतास चोरासारखा? झालं. चमक परत.

सबंध कथेतला बहुधा सर्वांत करुण क्षण हाच, असं टोल्किनने १९६३मध्ये पत्राच्या मसुद्यात लिहिलंय. चित्रपटात तो नाही. तिथे गॉलम सरळ लबाड आणि सॅमवर आळ. माझ्या डोक्यातही सॅम निर्दोषच राहिला होता. सोयीचं होतं.

पुढे सॅम माफीही मागतो. दचकून जाग आली, म्हणून तोंडातून तसं गेलं, म्हणतो.

माझीही सबब तीच. रात्रीचा दीड वाजलाय.