आरसा सरकवून मोजलेली वेळ

आमचा मामा दरवेळी कॉलेज रोडला चहा घेताना विचारतो, अरे तुम्ही लेझर मारून नक्की बघता तरी काय. तर मामा, सोलर सेलच्या मटेरियलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, मागे होल (त्याची रिकामी जागा) राहतं, आणि ती दोघं परत भेटून सगळं वाया जायच्या आत काय काय होतं ते बघतो. यातलं बरंच काही फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) उरकतं, तेवढं फास्ट इलेक्ट्रॉनिक्सच नसतं.

मग जुगाड असा की लेझरची एक पल्स (क्षणभराचा झोत), पंप, सॅम्पलला उठवते आणि दुसरी हलकी पल्स, प्रोब, जरा उशिराने जाऊन किती प्रकाश शोषला गेला ते सांगते. आणि उशीर कसा करायचा, तर प्रोबच्या वाटेतला आरसा मागे सरकवायचा! १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकवला की जाऊन-येऊन २ मायक्रॉन वाट वाढते, म्हणजे प्रकाशाला साधारण ६.७ फेम्टोसेकंद जास्त लागतात. मला हेच सगळ्यात भारी वाटतं, घड्याळ नाहीच, नुसती पट्टी. (अहमद झेवैल यांनी अशाच पंप-प्रोबने रेणूंमधले बाँड तुटताना पाहिले, १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल.)

प्रोबमध्ये दिसणारा सिग्नल पटकन मेला की लोक लगेच म्हणतात मटेरियलमध्ये दोष जास्त, पण पंप जोरात मारला तरी तो पटकनच मरतो, म्हणून पॉवर कमी-जास्त करून बघितल्याशिवाय माझा तरी विश्वास बसत नाही.